एलन गोट्या घ्यायच्या आहेत: सेट की सुट्या? परवडणाऱ्या अन् टिकणाऱ्या सांगा

दारव्हेकर_गॅरेज
राम राम मंडळी. दारव्हा-दिग्रस रस्त्यावर लहानसं गॅरेज आहे. वर्षभर दुचाक्या, सोयाबीन निघालं की थ्रेशर, मग गावातल्या मिनी दालमिलची कामं, अन् अधूनमधून ब्रेकसाठी एखादी पिकअप. साधा अर्धा इंची गोटी, म्हणजे सॉकेट, सेट आहे, ८ पासून ३२ मिमीपर्यंतचा, त्याची काही तक्रार नाही. अडते ते एलन बोल्टपाशी, म्हणजे डोक्यात षटकोनी भोक असलेल्या. एल चाव्या आहेत, पण पाईप लावला की वाकतात. ८ नंबरच्या चावीला तर पीळच पडला. अन् टॉर्क पान्यानं, म्हणजे मोजून ठरवल्या जोरानं, कसायचं म्हटलं तर एल चावीचा उपयोग नाही.

म्हणून एलन गोट्या पाहतो आहे, मागे चौकोनी भोक अन् पुढे षटकोनी बिट असलेल्या. दीड हजाराच्या आत बसवायचं आहे. अडचण अशी की स्वस्त सेट अन् महाग सेट फोटोत सारखेच दिसतात. कुठे डब्यावर क्रोम व्हॅनेडियम लिहिलं असते, कुठे एस२. मागच्या चौकोनी भोकाच्या मापाचंही तसंच: एक दुकानदार म्हणते अर्धा इंची घ्या, दुसरा म्हणते ३/८ घ्या. ज्यांनी वापरून पाहिल्या त्यांनी सांगा. कंपनीची जाहिरात नको.

वणीकर
भाऊ, आधी हे सांगा की तुमच्याकडे कोणते बोल्ट जास्त येतात. बहुतेक लोक २ पासून १९ पर्यंतचा डबा घेतात अन् त्यातल्या चारच गोट्यांना ग्रीस लागते, बाकी डब्यात चमकत बसतात.

उभ्या गोल डोक्याचा नेहमीचा एलन बोल्ट धरला तर एम५ ला (म्हणजे ५ मिमी जाडीच्या बोल्टला) ४, एम६ ला ५, एम८ ला ६, एम१० ला ८, एम१२ ला १०, एम१४ ला १२ अन् एम१६ ला १४ ची चावी लागते. चपट्या घुमटाच्या डोक्याचा किंवा काउंटरसंक, म्हणजे डोकं आत बुडून बसणारा, असेल तर माप एक पायरी खाली येते, म्हणजे एम८ लाही ५ चीच चावी. ह्या घुमटवाल्यांचीच भोकं जास्त खराब होतात, कारण बोल्ट जाड अन् भोक लहान, शिवाय उथळ.

तुमचं काम पाहता ५, ६, ८, १० एवढ्यात नव्वद टक्के भागलं पाहिजे. बाकीचे पैसे ह्या चारांच्या दर्जावर घाला.

गंजलेला_बोल्ट
वणीकरांशी सहमत. फक्त दालमिल अन् थ्रेशरच्या पुल्या विसरू नका. पुलीतला अन् पेडेस्टल बेअरिंगमधला बिनडोक्याचा ग्रब स्क्रू वेगळ्या हिशेबानं चालतो. एम६ ला ३, एम८ ला ४, एम१० ला ५.

दारव्हेकर_गॅरेज
हो, ग्रब स्क्रू तर रोजचे आहेत. दालमिलच्या शाफ्टचे दोन बेअरिंग मागच्या हंगामात छन्नीनं फोडून काढावे लागले, कारण आधीच्या माणसानं ग्रबचं भोक गोल करून ठेवलं होतं. त्यासाठीही गोटीच घेऊ का?

टूलरूम_निवृत्त
नाही. ३ आणि ४ मिमीसाठी गोटी घेऊ नका. हिंगणा एमआयडीसीत टूलरूममध्ये आयुष्य गेलं, त्या अनुभवावरून थोडं सविस्तर लिहितो. वेळ आहे, नातू शाळेत गेला आहे.

एवढ्या बारीक बिटला रॅचेट, म्हणजे गोटी फिरवायचा दांडा, लावलं की हाताला अंदाज राहत नाही. बिट कधी पिळलं आणि कधी तुटलं ते कळतच नाही, आणि तुटलेला तुकडा भोकात अडकून बसला की मग ड्रिल मारत बसा. ग्रबसाठी चांगल्या कंपनीची एल चावी किंवा टी-हँडल घ्या. चावी बारीक असली की थोडी लवते, आणि ती लवली की हात आपोआप थांबतो. तोच तिचा फायदा.

आता पोलादाबद्दल. एलन गोटीचे दोन भाग असतात. मागचा गोल भाग म्हणजे कवच, आणि पुढचा षटकोनी बिट. स्वस्त डब्यावर जे 'क्रोम व्हॅनेडियम' छापलेलं असतं ते बहुतेक वेळा कवचाबद्दल असतं. कवच थोडं मऊ असणं बरोबरच आहे, कारण त्याला फुटायचं नाही. साधारण ४२ ते ४८ रॉकवेल सी कडकपणा त्याला पुरतो. बिट मात्र बारीक आणि सगळा पीळ त्याच्यावर. तो ५८ ते ६२ च्या आसपास हवा, आणि एवढा कडक करूनही काचेसारखा फुटायला नको. त्यासाठी एस२ वापरतात. एस म्हणजे धक्का सहन करणाऱ्या टूल स्टीलचा गट. एस२ मध्ये कार्बन अर्ध्या टक्क्याच्या आसपास, सिलिकॉन एक टक्क्याजवळ आणि थोडं मॉलिब्डेनम असतं.

पण डब्यावर एस२ छापलं म्हणून काम झालं असं नाही. तेच पोलाद नीट पाणी चढवलेलं नसेल तर पिळणार, आणि जास्त कडक राहिलं तर कटकन तुटणार. दुकानात कडकपणा मोजायचं यंत्र नसतं. म्हणून मी तीनच गोष्टी पाहतो. एक, व्हर्नियरनं माप. ६ चा बिट ५.९५ ते ६.०० मध्ये यायला हवा, तिन्ही जोड्यांवर. ५.९० च्या खाली असेल तर परत ठेवा. दोन, कोपरे. टोकाला जी बारीक उतरंड दिलेली असते ती सोडून बाकी कोपरे नखाला टोचले पाहिजेत. बिटवर चकचकीत क्रोमचा जाड थर असेल तर कोपरे गोलसर होतात, म्हणून काळा किंवा साधा बिट मी पसंत करतो. तीन, बिट कवचात सरळ बसला आहे का. गोटी सपाट काचेवर लोळवा, टोक डुगडुगलं तर बिट वाकडा दाबलेला आहे.

लेथवाला_अकोट
काका, एवढं पाहू देणारा दुकानदार आमच्या तालुक्यात तरी नाही. व्हर्नियर काढला की तो म्हणते, "घ्यायचं का नाई ते सांगा."

टूलरूम_निवृत्त
मग त्या दुकानात घेऊ नका. सुटी गोटी विकणारा माणूस मोजू देतो. प्लास्टिक वेष्टनातला सेट विकणारा देत नाही, हे त्यातल्या त्यात ओळखायचं लक्षण.

लेथवाला_अकोट
हे पटलं. आता माझं ऐका, फुकटातलं काम सांगतो. दारव्हेकर भाऊ, तुमच्याकडं अर्धा इंची साधा सेट हाये ८ पासून. ८ ची साधी गोटी सहा कोपऱ्यांची असन तर तिच्यात ८ ची एलन चावी बरोबर बसते. बसनच ना, माप एकच हाये. चांगल्या कंपनीची ८ ची एल चावी घ्या, तिच्या लांब पायातून साठ-सत्तर मिमीचा सरळ तुकडा कटिंग व्हीलनं कापा, गोटीत सारा, झाली एलन गोटी तयार. १०, १२, १४, १७ सगळ्यांचं असंच. गोटीत तुकडा सैल राहत असन तर ग्रीस भरा नाहीतर लॉकिंग गोंदाचे दोन थेंब टाका. टोक झिजलं तर तुकडा उलटा करा. दोन्ही टोकं संपली की नवी चावी कापा. मी लेथवर जबड्याचे बोल्ट असेच कसतो.

५ अन् ६ ला मात्र जमत नाई, कारण अर्धा इंची सेटमधी तेवढी लहान गोटी नसते. थ्या दोन विकत घ्या.

संत्रेवाला_वरुड
वा रे पठ्ठे. ही युक्ती मले आजच कामी येणार हाये, ब्लोअरच्या पंपाचा १० चा बोल्ट चार दिवसांपासून तसाच हाये. पण तुकडा गोटीले वेल्डिंग करून टाकला तर हरवायचा प्रश्नच नाई न?

टूलरूम_निवृत्त
वेल्डिंग अजिबात करू नका. वेल्डच्या उष्णतेनं चावीचं पाणी उतरतं, कवचाचंही उतरतं. मग तुकडा बरोबर वेल्डच्या शेजारी पिळतो. कापतानासुद्धा घाई नको. थोडं कापा, पाण्यात बुडवा, पुन्हा कापा. घासताना पोलादावर फिकट पिवळा रंग आला तर तिथेच थांबायचं. निळा रंग आला म्हणजे तो तुकडा तीनशे अंशांजवळ गेला, तेवढा भाग मऊ झाला समजा आणि कापून टाका.

हीच पद्धत विकतच्या गोटीलाही लागू आहे. टोकाचे कोपरे गेले म्हणून गोटी भंगारात टाकू नका. टोकाचे दोन-तीन मिमी ग्राइंडरवर सपाट घासा, पाण्यात थंड करत. खाली ताजे कोपरे मिळतात. बिट साधारण वीस मिमी बाहेर आलेला असेल तर असं बऱ्याच वेळा करता येतं.

लेथवाल्यांची युक्ती चांगली आहे, त्यात एकच भर. साधी गोटी बारा कोपऱ्यांची असेल तर वापरू नका. तुकडा फक्त टोकांवर धरला जातो आणि जोरात गोटीच आतून खराब होते.

हिंगणघाट_मेंटेनन्स
बराच वेळ वाचते आहे, आता लिहिते. जिनिंगमध्ये मेंटेनन्सला आहे. सगळे पोलादावर बोलत आहेत, पण आमच्याकडे जे बोल्ट खराब होतात त्यातले बहुतेक मळामुळे होतात. हंगामात एलनच्या भोकात कापसाची रुई, धूळ आणि ग्रीस यांचा गोळा बसतो, दाबून दाबून बुचासारखा घट्ट होतो. भोक खोल दिसतं, पण चावी निम्मीच आत जाते. मुलगा जोर लावतो, वरचे कोपरे जातात, मग तो म्हणतो चावी बोगस.

माझ्या हाताखालच्या पोरांना नियम आहे. आधी टोकदार सळीनं भोक खरवडायचं, मग हवा मारायची, मग चावी घालून तिच्या डोक्यावर हातोडीनं हलकेच ठोकायचं. तळाला लागल्याचा आवाज वेगळा येतो. तो आवाज आल्याशिवाय पान्याला हात लावायचा नाही. थ्रेशरमध्येही हेच असणार, सोयाबीनचा भुसा काही कमी चिकट नसतो.

दारव्हेकर_गॅरेज
ताई, अगदी बरोबर. भुसा अन् ग्रीस मिळून काळी पेंड होते भोकात. खोली मोजायचा साधा उपाय आहे का?

हिंगणघाट_मेंटेनन्स
तोच बोल्ट नवा पडलेला असेल तर त्याच्या भोकात चावी घालून खूण करून ठेवायची. चावीवर पांढऱ्या पेंटची रेघ. जुन्या बोल्टमध्ये रेघ बाहेर दिसली म्हणजे खाली मळ आहे. आम्ही ८ आणि १० च्या गोट्यांवर अशा रेघा मारल्या आहेत. नेहमीच्या उभ्या डोक्याच्या बोल्टमध्ये खोली साधारण बोल्टच्या जाडीच्या निम्मी असते. एम१० असेल तर ५ मिमी तरी बिट आत गेलाच पाहिजे.

वणीकर
रेघेची युक्ती उचलली. हे कोणत्याच दुकानात सांगत नाहीत.

चिमूरचा_पाना
३/८ की अर्धा इंची, हे राहूनच गेलं. मी अर्धा इंची घेतल्या सगळ्या, कारण रॅचेट एकच आहे. गावात दुसरं रॅचेट कुठून आणायचं? अन् एखाद्या दिवशी ते बिघडलं तर शेजारच्या गॅरेजवाल्याकडेही अर्धा इंचीच असते.

गंजलेला_बोल्ट
५ अन् ६ साठी अर्धा इंची म्हणजे चूक. कितीही चांगला एस२ असो.

चिमूरचा_पाना
काहून? मी तर वापरतो, अजून तुटला नाही.

टूलरूम_निवृत्त
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. हिशेब मांडतो. काळा १२.९ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे बोल्टच्या ताकदीचा आकडा) एम६ बोल्ट कसायला साधारण १७ न्यूटन-मीटर लागतात. अर्धा इंचीचा दांडा धरा ४० सेंटिमीटर. म्हणजे टोकाला फक्त सव्वाचार किलोच्या आसपास जोर हवा. माणूस सहज वीस-तीस किलो लावतो. ५ चा बिट मग पिळणारच, किंवा बोल्ट तुटणार. चिमूरकरांचा हात हलका आहे म्हणून टिकला. हात जड असेल तर लहान दांड्याचं ३/८ रॅचेटच बरं.

उलट एम१२ ला, १० च्या बिटला, त्याच ग्रेडमध्ये १४० च्या आसपास लागतात. त्याच ४० सेंटिमीटरवर साधारण ३६ किलो. इथे ३/८ चं रॅचेट बिचारं आतल्या दात्यांपासून सुटू शकतं. ८ ही मधली पायरी आहे, दोन्हीकडे चालते.

आणि ८.८ ग्रेडचा बोल्ट असेल तर हेच आकडे बरेच कमी होतात, एम८ ला पंचवीसच्या आसपास. स्टेनलेसचा असेल तर आणखी जपून. बोल्टच्या डोक्यावर आकडा कोरलेला असतो तो वाचायची सवय लावा.

चिमूरचा_पाना
मान्य जी. पण दुसरं रॅचेट म्हणजे पुन्हा खर्च. अर्धा इंची रॅचेटला ३/८ चा कमी करणारा तुकडा लावला तर?

गंजलेला_बोल्ट
तुकडा लावून दांडा तेवढाच लांब राहतो ना. जोर कमी कुठे झाला? दांडा अर्ध्यात धरून वापरा, फुकटात काम होते.

संत्रेवाला_वरुड
गोल गोळीच्या टोकाचे बिट येतात, तिरपे बसतात. ब्लोअरमधी हात जात नाई तिथं कामाचे हायत का?

वणीकर
फिरवायला कामाचे, सोडायला नाही. गोळीच्या मानेपाशी पोलाद बारीक असते, तिरपं धरून जोर लावला की मान तुटून भोकात राहते. आधी सरळ बिटनं सैल करा, मग गोळीनं भराभरा फिरवून काढा.

पुसदचा_फोर्क
दुचाकीचं काम म्हणता तर फोर्कच्या, म्हणजे पुढच्या शॉकअपच्या, खालच्या एलन बोल्टचं सांगतो, तिथं सगळे अडकतात. बोल्ट खोल भोकात असतो, कुठे ६ चा, कुठे ८ चा. नेहमीची आखूड गोटी पोचत नाही. लांब बिटची वेगळी घ्यावी लागते, शंभर मिमीच्या वरची. लांब बिट थोडा पीळ खातो, म्हणून तो एक तरी चांगल्यापैकी एस२ चा घ्या. अन् बोल्ट फिरताना आतला दांडाही सोबत फिरतो, बोल्ट सुटतच नाही, त्यासाठी फोर्क दाबून धरून झटका द्यावा लागतो. ज्यांच्याकडे हवेची गन आहे ते गनवर चमकदार क्रोमच्या गोट्या लावतात. हे करू नका. क्रोमचा पापुद्रा उडते अन् डोळ्यात जाते. गनसाठी काळ्या जाड गोट्या वेगळ्या येतात, क्रोम मॉलिब्डेनमच्या.

हिंगणघाट_मेंटेनन्स
हातोडीनं मारायच्या हातातल्या इम्पॅक्ट ड्रायव्हरलाही तेच. आमच्याकडे तो फार वापरात आहे, कारण जिनिंगमध्ये बोल्ट तापवायला गॅस पेटवता येत नाही. ठिणगी पडली तर रुई पेटते. त्यामुळे घट्ट बसलेल्या बोल्टला तापवा, असा सल्ला कोणी दिला तर आमच्यासाठी तो बाद. डिझेल किंवा गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवणं, मग दोन-तीन झटके. गॅरेजमध्ये तापवता येत असेल तर लाल रंगाच्या लॉकिंग गोंदाला तापवल्याशिवाय इलाज नाही, तो थंडपणी सुटायला तयार नसतो.

संत्रेवाला_वरुड
अन् भोक गोल झालंच तर?

लेथवाला_अकोट
तारेच्या आकाराचा टॉर्क्स बिट घ्या, भोकापेक्षा जरासा मोठा, हातोडीनं आत ठोका, मग फिरवा. ५ च्या भोकाला टी३०, ६ ला टी४०, ८ ला टी५०. कोपरे नवे पडतात अन् बोल्ट निघते. ह्या कामाचा टॉर्क्स बिट वेगळा ठेवा, चांगल्या सेटमधला वापरू नका. नाई जमलं तर डोक्यावर नट ठेवून वेल्डिंग मारायचं, तापल्यानं गंजही सुटते. निघालेला बोल्ट पुन्हा लावायचा नाई एवढं मात्र ठरवा, गिऱ्हाईक कितीही म्हणो "हाच लावून द्या, चालते."

गंजलेला_बोल्ट
उलटंही सांगून ठेवतो. गाडीत टॉर्क्स बोल्ट असेल तर त्यात एलन ठोकू नका. काही चारचाकींमध्ये बारा दात्यांचाही असते. वरून पाहिलं तर तिन्ही सारखे वाटतात, टॉर्च मारून पाहा आधी.

दारव्हेकर_गॅरेज
एवढी माहिती एका जागी मिळाली, सगळ्यांचे आभार. आता खरेदीचं. ऑनलाइन घ्यावं का नागपूरला जावं? आमच्या गावात पार्सल तालुक्यापर्यंतच येते, तिथून आणावं लागते. परत करायचं झालं तर अजूनच तकलीफ.

वर्धेकर
सेट घ्यायचा असेल तर ऑनलाइन ठीक, सुट्या घ्यायच्या असतील तर नागपूर. इतवारीत हार्डवेअरच्या गल्ल्यांमध्ये सुट्या गोट्या मिळतात. नाशिकच्या तापडियाच्या एल चाव्या तर जवळपास कुठेही मिळतात, कापायला त्या घ्या. ऑनलाइन घेतलाच तर डबा उघडताना व्हिडिओ काढा, अन् पावती जपा. आजीवन वॉरंटी म्हणून मोठ्या अक्षरात लिहिलेलं असते, पण बदलून कुठे मिळणार, ते आधी विचारा. नागपुरात बदलून मिळत असेल तरच त्या वॉरंटीला अर्थ. तुटलेली ६ ची गोटी मुंबईला पाठवायची म्हटलं तर तेवढ्यात नवी येते.

टूलरूम_निवृत्त
सुटी घेताना एक गोष्ट विचारा: बिट वेगळा मिळतो का. काही गोट्यांमध्ये बिट दाबून बसवलेला असतो, काहींमध्ये बाजूला बारीक स्क्रू किंवा आडवी पिन असते. पिन-स्क्रूवाली असेल तर बिट बदलता येतो. दाबून बसवलेली असेल तर बहुतेकदा चौकोनी भोकातून पंच घालून, शेगड्यात (बेंच व्हाइसमध्ये) धरून ठोकून जुना बिट काढता येतो, पण त्याच मापाचा नवा मिळायला हवा. एकसंध पोलादाची गोटी मजबूत असते, पण टोक गेलं की घासणं एवढाच उपाय.

दीड हजारात माझी यादी अशी: ५ आणि ६ सुट्या, ३/८ मध्ये, बिट बदलता येणाऱ्या. ६ ची एक लांब, फोर्कसाठी. ८ आणि १० लेथवाल्यांच्या युक्तीनं. ३ आणि ४ च्या एल चाव्या उत्तम प्रतीच्या, दोन-दोन नग, कारण त्या हरवतातच. उरलेल्या पैशात लहान ३/८ रॅचेट बसलं तर बसवा.

चिमूरचा_पाना
काका, शेवटी ३/८ रॅचेट घ्यायलाच लावलं तुम्ही.

टूलरूम_निवृत्त
तुमचा हात हलका आहे, तुम्ही नका घेऊ.

दारव्हेकर_गॅरेज
अपडेट देतो. मेहुणा नागपूरला जाणार होता, त्याच्यासोबत व्हर्नियर पाठवला. इतवारीत पहिल्या दुकानात ६ ची गोटी ५.८८ भरली, ती ठेवून दिली. पुढच्या दुकानात ५.९७ ची मिळाली, बाजूला बारीक स्क्रूवाली. ५ ची पण तिथलीच. ८ अन् १० चे तुकडे पाण्यात बुडवत कापले, ८ चा गोटीत एकदम फिट्ट बसला, १० चा जरा हलते, त्याला ग्रीस भरलं. फोर्कची लांब ८ मिळाली नाही, फक्त ६ मिळाली. रॅचेट पुढच्या महिन्यात.

ताई, तुमची रेघ मारली गोट्यांवर. काल थ्रेशरचा एक बोल्ट आला, रेघ वर दिसत होती, खरवडलं तर सुपारीएवढा भुसा निघाला.

आता एक नवीन अडचण. एका जुन्या गाडीच्या ब्रेक कॅलिपरला ६ सैल होते अन् ८ जात नाही. इंची माप असेल का?

पुसदचा_फोर्क
इंची नाही, ७ मिमी आहे. युरोपियन बनावटीच्या पुष्कळ गाड्यांच्या कॅलिपरच्या पिना ७ च्या असतात. बहुतेक स्वस्त सेटमध्ये ७ नसतोच. सुटा घ्यावा लागेल. ६ ला पत्र्याची पट्टी गुंडाळून काम भागवू नका, ब्रेकचं काम आहे.

वणीकर
इंचीचं विचारलंच आहे तर, ८ मिमी अन् ५/१६ इंच जवळजवळ सारखे, सहा शतांशाचाच फरक, एकमेकांत चालून जातात. १/४ इंच मात्र ६.३५ मिमी, तिथे ६ ची चावी घातली की भोक गेलं. जुन्या आयात यंत्रांवर हे सापडते.

हिंगणघाट_मेंटेनन्स
दारव्हेकर, टॉर्क पान्यानं कसायचं म्हणता तर त्यानं बोल्ट सोडू नका, फक्त कसा. आणि काम झालं की सेटिंग सगळ्यात खालच्या आकड्यावर आणून ठेवा, आतली स्प्रिंग ताणलेली राहू नये.

संत्रेवाला_वरुड
माह्या ब्लोअरचा १० चा निघाला, लेथवाले भाऊ. पण तुकडा गोटीतून निघून पंपाखाली पडला, बागेत शोधून राह्यलो. पुढच्या वेळी गोंदच टाकतो.

लेथवाला_अकोट
चुंबक फिरवा राज्या, सापडन.

वर्धेकर
शुक्रवारी मी नागपूरला जातो आहे. ७ ची अन् लांब ८ ची पाहतो. आणखी कोणाला काही हवं असेल तर गुरुवारपर्यंत इथेच लिहा, मापासकट.

चिमूरचा_पाना
३/८ चं लहान रॅचेट केवढ्याला मिळते तेवढं विचारून या. घेईनच असं नाही.